वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यातला गावाकडचा मुक्काम

मार्च संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. मित्रमंडळींनी मिळून दोन-तीन दिवस गावाकडे राहायला जाण्याबद्दलची पत्रे यंदा बरीच आली आहेत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली आहे, कारण त्या पत्रातील प्रश्न इतर अनेकांनीही विचारला आहे.

आम्ही शाळेपासूनच्या आठ मैत्रिणी आहोत आणि सगळ्यांची वये साठीच्या आसपास आहेत. आमच्यातील एकीचे सासरचे घर राजापूर तालुक्यातील एका वाडीत असून तेथे आता तिचे वयस्कर दीर आणि जाऊ असे दोघेच राहतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तीन रात्री तेथे राहावे असे ठरत आहे. एका मैत्रिणीने बघायच्या अकरा ठिकाणांची यादी आत्ताच केली आहे, तर दुसरी म्हणते की मला नुसते ओटीवर बसायचे आहे. सगळ्यांचे समाधान होईल अशी आखणी कशी करावी? — एक वाचक, पुणे

ताई, यादीचा प्रश्न आपण नंतर घेऊ. त्याआधी एक प्रश्न आहे आणि तो तुमच्या पत्रात आलेला नाही. तो पाण्याचा आहे.

राजापूरकडे पाऊस भरपूर पडतो, पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. कातळावर पडलेले पाणी झिरपून ओढ्यावाटे समुद्राला मिळते आणि मे महिन्यात अनेक वाड्यांतील विहिरींचे तळ दिसू लागतात. दोन माणसांना पुरणारे पाणी एकदम दहा माणसांना पुरवायचे, हा त्या घरावर मोठा भार असतो, आणि कोकणातील माणूस पाहुण्याला तो भार कधीही बोलून दाखवत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ जणी संगमेश्वर तालुक्यातील एका घरी अशाच राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा घरच्या काकू डोक्यावर हंडा घेऊन शेजारच्या वाडीतून चढ चढून येत होत्या. आदल्या दिवशी आम्ही सगळ्याजणींनी हौसेने रहाटाचे पाणी काढून केस धुतले होते. त्या सकाळपासून मी कोणालाही उन्हाळ्यातील मुक्कामाबद्दल सांगताना पाण्यापासूनच सुरुवात करते.

म्हणून तुमच्या मैत्रिणीने स्वतः जाऊबाईंना फोन करून नेमके विचारावे की मे महिन्यात विहिरीला किती पाणी असते, पंप दिवसातून किती वेळ चालतो आणि वाडीत टँकर येतो का. 'पाणी आहे ना?' एवढेच विचारले तर 'आहे, या तुम्ही' हेच उत्तर मिळेल. पाणी कमी असेल तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जा. आंबा तेव्हाही असतो आणि चाकरमान्यांची गर्दी सुरू झालेली नसते. मे महिन्यातच जायचे असेल, तर दुसरा आठवडा ठीक आहे, अखेरचा आठवडा मात्र नको. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख 11 जून मानली जाते, पण 2025 मध्ये तो 26 मे रोजीच दाखल झाला होता. कोणत्याही वेळी गेलात तरी अंघोळीला एक बादली, कपडे धुणे घरी परतल्यावर आणि केस धुणे निघण्याआधी, हे आठही जणींनी पुण्यातच कबूल केलेले बरे.

पाण्यानंतर जाऊबाईंचा विचार करावा लागेल. दहा माणसांचा स्वयंपाक त्यांनी करायचा आणि तुम्ही 'वहिनी, काय चव आहे हो!' म्हणायचे, असे होता कामा नये. वाडीतील एखाद्या बाईंना तीन दिवस भाकरी-घावन्यांसाठी पैसे देऊन बोलावता येते. त्यांचा मोबदला जाऊबाईंनी ठरवावा, कारण गावात त्यांना नंतरही राहायचे असते आणि तुम्ही दिलेला जास्तीचा दर पुढे त्यांनाच अडचणीचा ठरतो. प्रत्येक जेवणाला तुमच्यातील दोघींची पाळी असावी आणि भांडी घासणे त्या पाळीतच धरावे. घरात मासे चालतात का, देवघराजवळचे किंवा स्वयंपाकघरातले काही नियम आहेत का, हे संकोच न करता आधीच विचारून घ्यावे. किराणा पुण्याहून भरून नेऊ नका. तो राजापूरच्या बाजारात घ्या.

आता यादी. अकरापैकी दहा ठिकाणे खोडावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. एक ठेवायचे असेल तर कातळशिल्पे ठेवा. राजापूर तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ अशा ठिकाणी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, कोरलेल्या आकृती आहेत आणि कोकणातील कातळशिल्पांच्या काही स्थळांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला आहे. त्या पाहायच्या तर सकाळी साडेसहाला सड्यावर पोहोचावे. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात आणि नऊनंतर कातळ इतका तापतो की तुमच्या वयाच्या कोणीही तेथे उभे राहू नये. छायाचित्रासाठी रेषांवर खडू फिरवू नका आणि त्यांवर पाय देऊ नका. गावातील माहीतगार माणूस बरोबर घेतल्यास रस्ताही चुकत नाही आणि त्याला चार पैसेही मिळतात.

उरलेल्या वेळेचे काय करायचे, याचे उत्तर त्या घरातच आहे, कारण मे महिन्यात कोकणातील घर रिकामे बसलेले नसते. त्या दिवसांत आगोटीची कामे चालू असतात. पावसाचे चार महिने बाहेर काही सुकत नाही, म्हणून तोपर्यंत सगळे करून भरून ठेवावे लागते. रातांबे फोडून त्यांची साले रसात आणि मिठात भिजवून उन्हात घालायची, की त्यांची आमसुले होतात. आंब्याचा रस ताटांत ओतून पोळी वाळवायची, फणसाचे गरे काढायचे, भाताच्या पेंढ्यात घातलेल्या आढीतील आंबे रोज हाताने चाचपून पिकलेले वेगळे करायचे, सरपण आत घ्यायचे, ही सगळी कामे जाऊबाई आणि भाऊजी आता दोघांच्याच बळावर करत असणार. तेथे सोळा हात पोहोचले तर त्यांना काय वाटेल, याचा विचार करा. हाताला तेल लावून फणसाभोवती बसलेल्या आठ बायका जितक्या मोकळेपणाने बोलतात, तितक्या त्या मोटारीच्या आसनांवर बसून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना बोलत नाहीत, हा माझा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. यादी करणाऱ्या मैत्रिणीलाही तेथे करायला काही तरी मिळते आणि ओटीवर बसायचे म्हणणारीला ओटी सोडावी लागत नाही.

मात्र कोणत्याही कामाला, फेरफटक्याला किंवा गाण्याच्या बैठकीला न येण्याची मुभा प्रत्येकीला असावी आणि तिला कारण विचारले जाऊ नये. साठीच्या वयात कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला दुपारची झोप लागते, आणि कोणाला नुकत्याच गेलेल्या माणसाची आठवण येऊन थोडा वेळ एकटे बसायचे असते. झोपण्याच्या जागा पहिल्याच संध्याकाळी ठरवा: घोरणाऱ्या एका बाजूला, पहाटे पाचला उठणाऱ्या पडवीत आणि रात्री उठावे लागणाऱ्या न्हाणीघराच्या जवळ. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, परंतु चाळीस वर्षांच्या मैत्रीत दोन रात्रींच्या अपुऱ्या झोपेने आलेला कडवटपणा मी पाहिला आहे.

प्रवासाबद्दल थोडक्यात. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते आणि मे महिन्यातील कोकणच्या गाड्या लगेच भरतात. शिवाय राजापूर रोड स्थानक शहरापासून बरेच दूर आहे, त्यामुळे उतरल्यावरच्या वाहनाची सोय आधी करावी लागते. पुण्याहून येणाऱ्यांना कऱ्हाड, मलकापूर आणि अणुस्कुरा घाट हा मार्ग सरळ पडतो. एसटीने गेल्यास मार्च 2023 पासून महिलांना निम्मेच भाडे पडते, हेही लक्षात असू द्या.

आम्ही बारा मित्र जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहायला जाणार आहोत. जलाशयाच्या काठी तंबू ठोकून, शेकोटी पेटवून दोन रात्री राहण्याचा बेत आहे. सोबत एक मोठा स्पीकर आहे. यात काही अडचण आहे का? — एक वाचक, नाशिक

अडचण आहे, आणि ती तुम्ही ज्यासाठी जात आहात त्या काजव्यांनाच आहे. काजव्याचा प्रकाश हे नर आणि मादीचे बोलणे असते. नर उडता उडता लुकलुकतो आणि बहुधा गवतात किंवा झुडपात खाली बसलेली मादी त्याला उत्तर देते. प्रौढ अवस्थेतील त्यांचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते आणि पावसाचा जोर वाढला की तो सोहळा संपतो. त्या थोड्या रात्रींत मोटारीचे दिवे, मोबाइलची बॅटरी आणि शेकोटीचा उजेड पडला तर त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. झाडाजवळ जाण्यासाठी गवत तुडवले तर मादी आणि तिची अंडी पायाखाली येतात. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर एका लयीत उजळणारे ते हजारो ठिपके रस्त्यावर उभे राहून, दिवे मालवून आणि गप्प बसूनच नीट दिसतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेवढा धीर धरा आणि अमावास्येच्या जवळपासच्या रात्री निवडा.

शेकोटी नको. आसपासचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेथे आग पेटवणे हा गुन्हा आहे, आणि पाऊस पडलेला नसेल तर सुकलेल्या गवतात एका ठिणगीने वणवा लागतो. स्पीकर घरीच ठेवा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे, पण मी कायद्यापेक्षा त्या वाडीतील लहान मुलांचा आणि पहाटे रानात जाणाऱ्या माणसांचा विचार करण्यास सांगेन. काजव्यांच्या दिवसांत वन विभाग प्रवेशाच्या वेळा आणि वाहने यांवर निर्बंध घालतो. त्या वर्षीचे नियम निघण्याआधी विचारून घ्या.

पाण्याच्या काठचा तंबूही मला मान्य नाही. जूनच्या आरंभी वळवाचा पाऊस सोसाट्याच्या वाऱ्यासह आणि विजांसह येतो. उघड्या काठावर उभारलेला तंबू आणि एकटे झाड या दोन्ही जागा विजेच्या दृष्टीने धोक्याच्या आहेत. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलेले 'दामिनी' हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, ते मोबाइलमध्ये असू द्या. त्याहून चांगले म्हणजे गावातील घरांत राहा. अकोले तालुक्यातील पुरुषवाडीसारख्या गावांत लोक पाहुण्यांना घरी ठेवतात, भाकरी-पिठले वाढतात आणि काजवे कोणत्या झाडांवर आले आहेत हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. बारा जण एका घरावर जाऊ नका, तिघे-तिघे चार घरांत राहा. जलाशयात पोहण्याचा मोह तर पूर्ण टाळा. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ आणि एकाएकी तुटणारा काठ असतो, आणि मित्राला वाचवायला उडी घेतलेला दुसरा मित्रही बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

आमच्या सहा जणांच्या गटातील एका मित्राची नोकरी गेली आहे. तो दर वेळी काही कारण सांगून येण्याचे टाळतो. त्याचे पैसे आम्ही पाच जणांनी भरावेत का? त्याचा अपमान होईल का? — एक वाचक, डोंबिवली

त्याचे पैसे भरू नका, सहलीचा खर्चच कमी करा. आपले भाडे दुसऱ्यांनी भरले आहे हे कळल्यावर माणूस खोली निवडत नाही, दुसऱ्यांदा मासळी मागत नाही आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःहून भांडी उचलायला धावतो. मैत्रीत अशी ऋणको-धनकोची रांग लागू देऊ नये. तुमच्यातील एकाने सगळ्यांना, त्यालाही, स्वतंत्रपणे विचारावे की दोन रात्रींसाठी प्रत्येकी किती खर्च सहज जमेल. त्यांतील सर्वांत लहान आकडा गटाची वर्गणी म्हणून जाहीर करावा. तो आकडा कोणाचा, हे सांगू नये. मग त्या रकमेत बसेल अशी सहल शोधा: मोटारीऐवजी एसटी किंवा पॅसेंजर, खोल्यांऐवजी ओळखीच्या शेतावरचे घर, हॉटेलऐवजी स्वतः रांधलेले जेवण. पैसे एकाच्या हाती असावेत आणि वहीत हिशेब असावा. वाटेत 'हे माझ्याकडून' म्हणून महाग काही मागवण्याची प्रथा त्या दोन दिवसांपुरती बंद ठेवा, कारण त्या औदार्याची परतफेड करता न येणारा एक जण तुमच्यात बसलेला आहे. तरीही तो आला नाही तर आग्रह धरू नका, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारा.

आम्हाला कोकणात अंगणात झोपायची फार हौस आहे, परंतु विंचू-सापांची भीती वाटते. बरोबर लहान मुलेही आहेत. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, ठाणे

भीती अगदीच निराधार नाही, म्हणून नीट सांगते. आपल्याकडील चार विषारी साप सर्वाधिक महत्त्वाचे आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. फुरसे लहान चणीचे असून कोकणातील कातळावर, दगडांच्या सांदीत आणि पालापाचोळ्यात आढळते. मण्यार रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि त्याचा दंश इतका हलका असतो की पुष्कळदा कळतही नाही. म्हणून अंगणात जमिनीवर अंथरूण घालू नका, खाटेवर झोपा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचा. रात्री उठताना बॅटरी लावल्याशिवाय पाय खाली टाकू नये, सकाळी चपला-बूट झटकून घालावेत, आणि सरपणाच्या ढिगात किंवा दगडी गडग्याच्या भोकांत मुलांना हात घालू देऊ नये.

साप चावलाच तर कापणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत जाणारा वेळ जीवघेणा ठरतो. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये, चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठ्या आणि बांगड्या काढाव्यात आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती यायला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. सापाला मारून बरोबर नेण्याची गरज नसते, कारण आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस वरील चारही सापांवर चालते. पहाटे कोणी पोट दुखते म्हणून उठला आणि त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर दंशाची खूण दिसली नाही तरी मण्याराची शंका घेऊन रुग्णालय गाठावे.

लाल विंचवाचे विषही लहान मुलांच्या हृदयाला धोका करते. नुसत्या वेदना असतील तर घाबरू नये, पण दरदरून घाम, उलटी आणि थंड पडलेले हातपाय दिसले तर क्षणही दवडू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी कोकणात राहून या दंशावर प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि पूर्वी दगावणारी माणसे वाचू लागली. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. हे औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते, म्हणून पोहोचल्या दिवशीच जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय कोठे आहे, तेथे लस आहे का आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, एवढे विचारून ठेवा. मग निर्धास्तपणे अंगणात झोपा. मुलांनी आयुष्यात एकदा तरी तसे झोपलेच पाहिजे.

ज्यांच्या घरी फुकट राहायचे, त्यांना काय द्यावे? पैसे दिले तर वाईट वाटेल असे वाटते. — एक वाचक, कोल्हापूर

घरच्या माणसांना पाकीट देऊ नका, पण घराचा खर्च भरून काढा. गॅसचा सिलिंडर, तेलाचा डबा, तांदूळ, चहा-साखर हे पहिल्याच दिवशी आणून ठेवले की ते देणे वाटत नाही. विजेचे बिल किंवा पंपाची दुरुस्ती यांत भर घालायची असेल तर ते नात्यातील माणसाने परस्पर करावे. भेट न्यायची तर जाण्याआधी विचारा. तालुक्याला सहज न मिळणारे औषध, चांगली बॅटरी किंवा जाड काचेचा चष्मा नीट बसवून आणणे, यांची किंमत मिठाईच्या खोक्यापेक्षा कितीतरी जास्त असते. आणि तेथे काढलेली छायाचित्रे मोबाइलवर पाठवून थांबू नका. त्यांतील सहा-सात, विशेषतः घरच्या दोघांची एकत्र असलेली, छापून घ्या आणि जून लागण्याआधी टपालाने पाठवा. पावसाळ्याच्या दमट हवेत कागद एकमेकांना चिकटतो, म्हणून प्रत्येक छायाचित्रामध्ये एक कोरा कागद घालायला विसरू नका.